खंडारे सरांचा एक जून

चिखलीच्या प्रगती कॉलनीत ज्ञानदीप वाचनालयाच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. त्याचा इतिहास सांगायचा तर बोअरच्या पाण्यापासून सुरुवात करावी लागते. कॉलनीची स्वतःची बोअर आहे, गल्ल्या तीन आहेत, आणि कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सुटणार हे पूर्वी त्या फळ्यावर लिहिलेलं असायचं. लिहिणारे पुंजाजी शेळके, म्हणजे एस.टी.चे निवृत्त कंडक्टर, वाचनालयाचे सचिव आणि बोअरच्या चावीचे एकमेव धनी. पस्तीस वर्षं चालत्या गाडीत लिहून त्यांच्या अक्षराला अशी सवय लागली होती की फळा जागचा हलत नसला तरी अक्षर हलत असे. पण पाणी वेळेवर यायचं, त्यामुळे अक्षराबद्दल कुणी तक्रार केली नव्हती.

या सुखी फळ्यावर प्रेमानंद खंडारे सरांची नजर पडली ती जानेवारीत. सर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमधून चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतरची दहा वर्षं त्यांनी घरात शिस्त आणण्यात घालवली. कुकरची दुसरी शिट्टी पहिलीनंतर किती मिनिटांनी होते याची नोंद ते ठेवू लागले तेव्हा त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनी हात जोडले.

"तुमाले लिवाची एवढी हौस असन तं वाचनालयाच्या फळ्यावर लिवा. माह्या ओट्यावर नका लिवू."

सरांना हा सल्ला इतिहासाची हाक वाटला. बारा जानेवारीला सकाळी त्यांनी फळा ओल्या फडक्याने पुसला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'आजचा दिनविशेष. १५९८, राजमाता जिजाऊंचा सिंदखेडराजा येथे जन्म.' जिल्ह्याचाच अभिमानाचा दिवस, त्यामुळे कुणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं. लोकांनी थांबून वाचलं, दोघांनी मोबाइलवर फोटो काढला. वाचनालय सांभाळणारी रेणुका, जी एके काळी सरांच्याच शाळेत शिकली होती, तिने त्याच दिवशी रंगीत खडूंची पेटी सरांच्या स्वाधीन केली. पुंजाजींनी पाण्याची वेळ खालच्या कोपऱ्यात, माणूस दाटीच्या गाडीत उभा राहतो तशी, कशीबशी उभी केली.

तीन महिने बरे गेले. म्हणजे सरांचे बरे गेले. कॉलनीला मात्र एकदम आपापला इतिहास आठवू लागला. कुणी म्हणे आमच्या वास्तुशांतीला उद्या दहा वर्षं होतात, लिहा. दुसऱ्या गल्लीतली एक सून म्हणाली, माझ्या सासूबाई मोठ्या दुष्काळात जन्मल्या, त्यांचंही नाव येऊ द्या. सरांनी तिला शांतपणे समजावलं की दुष्काळ ही तारीख नव्हे.

सगळ्यांत चिवट निघाले ते सरांचे मेहुणे राजकुमार. ते लोणारचे, जिथे उल्का पडून सरोवर झालं. गावच्या जावयाच्या फळ्यावर सगळ्या जगाचा उल्लेख येतो आणि लोणारचा येत नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. ते दर रविवारी फोन करत.

"भाऊजी, साऱ्या जिल्ह्यात आमच्यावानी घटना झाली का कुठं? आभायातून गोटा पडला! तुमच्या फळ्यावर एक ओळ नाही त्याची."

"तारीख सांगा, लिहितो," सर म्हणत.

"पन्नास हजार वर्सं झाले म्हन्तेत. कोनी पाच लाख बी म्हन्ते."

"साल नको, तारीख. महिना आणि दिवस. दिनविशेष आहे हा."

यावर फोन बंद होई. सासुरवाडीशी संबंध ताणले गेले, पण इतिहासाची सेवा करणाऱ्याला नातीगोती बघून चालत नाही, असं सरांनी अन्नपूर्णाबाईंना सांगितलं. अन्नपूर्णाबाईंनी त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही.

खरा पेच आला बारा एप्रिलला. १९६१ साली त्या तारखेला माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला. सरांना हा विषय फार प्रिय. ते लिहीत गेले, लिहीत गेले आणि जागा संपली तेव्हा त्यांनी खालचा कोपरा पुसून तिथे 'पृथ्वीला एक प्रदक्षिणा' असं लिहिलं. त्या कोपऱ्यात तिसऱ्या गल्लीची पाण्याची वेळ होती. तिसऱ्या गल्लीत त्याच दिवशी एका मुलीचा साखरपुडा होता. पाणी सुटलं, कुणी टाकीची तोटी उघडली नाही, पाणी पुढे निघून गेलं आणि ऐंशी पाहुण्यांनी विकतच्या जारच्या पाण्याने हात धुतले.

समितीची बैठक बसली. पुंजाजी उभे राहिले.

"मानूस गेला वर, आमाले खुशी आहे. पन खालच्या मानसाईनं आंग कायनं धुवाचं? आन् सर, राग नका मानू, पन हे तारखा खऱ्या कशावरून? तुमी होते का थितं?"

पाण्याबद्दल कुणी काहीही बोललं असतं तर सरांनी ऐकून घेतलं असतं. तारखेवर संशय म्हणजे त्यांच्या चारित्र्यावरच संशय. सर उठून उभे राहिले. "शेळके, लिहून घ्या ठरावात. माझ्या हातून या फळ्यावर एक जरी खोटी तारीख गेली, तरी मी खडू खाली ठेवीन. पुन्हा हात लावणार नाही."

पुंजाजींनी ते लिहून घेतलं, हलत्या अक्षरात. खाली सरांनी सही केली आणि सहीखाली त्यांची नेहमीची लपेटदार रेघ ओढली. फळ्याच्या मधोमध पांढऱ्या रंगाची पट्टी मारायचं ठरलं: वर इतिहास, खाली पाणी.

पट्टी मारल्यावर एक वाईट गोष्ट उघडकीला आली. लोक खालचा अर्धा वाचत आणि निघून जात. सर तीन दिवस वाचनालयाच्या पायरीवर बसून हे बघत होते आणि मनातून खचत चालले होते. शेवटी रेणुकालाच दया आली.

"सर, वरती वाचनालयाच्या सभासदांचे वाढदिवसबी लिहू या ना. आपलं नाव शोधायला तरी लोक वर बघतील."

कल्पना सरांना पटली, पण वाढदिवस झाला तरी ती तारीखच, आणि तारखेला पुरावा हवा. त्यांनी नियम केला: शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स जोडावी, तोंडी माहिती ग्राह्य धरली जाणार नाही. हे वाक्य त्यांनी स्वतः लाल खडूने लिहिलं आणि दोनदा वाचून पाहिलं.

पहिला अर्ज पुंजाजींचा आला. हे अनपेक्षित होतं. पुंजाजी दाखला छातीशी धरून आले आणि जरा लाजत म्हणाले, "सर, एक जूनले यष्टीचा वाढदिवस असते. १९४८ साली पह्यली गाडी सुटली. आन् माहा बी एक जूनच. १९५०चा. मी आन् यष्टी एकाच दिवशीचे. सारी नोकरी मी हेच सांगत आलो." त्यांनी घसा साफ केला. "यंदा पंच्याहत्तरी हाये. पंच्याहत्तरीले तिकीट माफ. ज्या गाडीत तिकिटं फाडले, त्या गाडीत आता मी बिनतिकीट बसतो. हे फळ्यावर येवावं असं वाटते."

सरांनी दाखला तपासला, एस.टी.ची तारीख तपासली. दोन्ही बरोबर होत्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच दोघांनी एकत्र चहा घेतला.

एकोणतीस मे उजाडला. सर एव्हरेस्टवर पहिलं पाऊल पडल्याची नोंद करून खाली उतरले, म्हणजे स्टुलावरून, तर रेणुका फाइल घेऊन उभी होती.

"सर, एक जूनचे अर्ज. सदतीस झाले."

"सदतीस?" सर हसले. "अगं, सगळ्या कॉलनीचे सभासद एकशे दहा. एका दिवशी सदतीस माणसं जन्मतात होय? कुणीतरी मास्तराने चिकटवल्या आहेत तारखा. जून महिन्यात पोरगं शाळेत आणलं की घातली एक जून, सहा वर्षं पुरी! आळशी माणूस. असला माणूस खात्यात टिकला कसा?"

रेणुकाने फाइल उघडून सरांपुढे धरली. मग हळूच म्हणाली, "सर, सही बघता का?"

सरांनी चष्मा लावला. पहिल्या दाखल्यावर सही होती: प्रे. खंडारे, आणि तिच्याखाली लपेटदार रेघ. दुसऱ्यावर ती नव्हती, तेव्हा सरांना जरा बरं वाटलं. तिसऱ्यावर होती. सदतीसपैकी एकोणीस दाखल्यांवर ती रेघ होती. ज्या गावांमध्ये सरांनी शिकवलं तिथलीच पोरं मोठी होऊन, नोकऱ्या धरून, चिखलीत घरं बांधून त्यांच्या आजूबाजूला राहायला आली होती.

"तुझा?" सरांनी विचारलं.

"माझाबी त्यातच आहे सर."

सर घरी आले ते चपला न काढता खुर्चीत बसले. त्यांना ती जूनमधली शाळा आठवली. दोन शिक्षकी शाळा, एक शिक्षक कायम रजेवर. दारात तीस पोरं, तीस आया, प्रत्येक आईची एक गोष्ट. कुणी सांगे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कुणी सांगे वांगी लावली होती तेव्हा. पंचांग काढून, इंग्रजी तारीख शोधून लिहायला प्रत्येकी अर्धा तास लागला असता. सर "बरं, बरं" म्हणत आणि दाखल-खारीज रजिस्टरात एक जून लिहीत. त्यांच्या वेळी त्यांच्या गुरुजींनीही तेच केलं होतं. सरांची स्वतःची जन्मतारीख एक जून होती, आणि तिच्याबद्दल आजवर त्यांना काही वाटलं नव्हतं.

"जाऊ द्या ना," अन्नपूर्णाबाई चहा ठेवत म्हणाल्या. "साऱ्याईचीच तशी हाये."

"ठराव आहे माझा. खोटी तारीख लिहिली तर खडू खाली ठेवायचा. आणि नाही लिहिली तर सदतीस माणसं विचारतील, का नाही लिहिली. काय सांगू?"

"खरं सांगा. चौतीस वर्सं पोरायले तेच सांगत होते ना तुमी?" एवढं बोलून अन्नपूर्णाबाई आत गेल्या. नवऱ्याला एका वाक्यात गार करण्याची कला त्यांच्यात पहिल्यापासून होती.

सर खरं सांगणार आहेत ही बातमी संध्याकाळपर्यंत तिन्ही गल्ल्यांत पोचली आणि तीस मेला न बोलावता बैठक भरली. वाचनालयाच्या पुस्तकांना इतकी माणसं एकत्र बघण्याची सवय नव्हती. एका बँकवाल्याने सांगितलं, सर, माझी निवृत्ती त्या तारखेवर आहे. दुसरा म्हणाला, आधार, पॅन, पासपोर्ट, सगळीकडे तीच आहे, तुम्ही फळ्यावर ती खोटी आहे असं लिहिलं की मी खोटा. पुंजाजींचा चेहरा तर उतरूनच गेला होता.

"माही तारीख बी खोटी म्हन्ता का सर? मंग माही पंच्याहत्तरी? मंग मी आन् यष्टी?"

"तुमची मी लिहिलेली नाही, शेळके. तुमच्या गुरुजींचं मी कसं सांगू?"

"पन तुमाले काय वाटते?"

सरांनी मान खाली घातली. पुंजाजी खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. शेवटी ठराव झाला की फळ्यावरील मजकूर कोणत्याही सरकारी कामात पुरावा धरला जाणार नाही. तेवढ्यात राजकुमारांचा फोन आला. त्यांच्यापर्यंतही बातमी गेली होती.

"भाऊजी, ज्याची तारीख ठाऊक नाही त्याले तुमी एक जून देता म्हने. मंग आमच्या उल्केनंच काय घोडं मारलं?"

सरांनी फोन बंद करून ठेवला. तरीही त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात पळवाट शिल्लक होती: 'कागदोपत्री वाढदिवस' असा मथळा द्यावा आणि सुटावं. ती पळवाट एकतीस मेला दुपारी बंद झाली. रेणुकाची आई शालूबाई गावाहून आली होती. ती वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसली आणि पदराने वारा घेत म्हणाली,

"मास्तर, उद्या माह्या पोरीचं नाव लिवून राह्यले म्हन्ते तुमी. काऊन? उद्या कुठं तिचा वाढदिवस हाय?"

शालूबाई पुढे बोलत राहिली.

"मी सांगतलं होतं ना तुमाले, नाव घालाले आली तवा. रेडिओवर तो बॉलाचा खेळ चालू होता, बाहेरदेशी. सारं गाव सरपंचाच्या वट्ट्यावर, इचा बाप बी थितंच. मी बोलावू धाडलं तं म्हने, येतो, एक गडी बाद होऊ द्या. दिवे लागाच्या वक्ताले पोरगी झाली. मंग रातच्याले गावात हे फटाके फुटले! मी सुईनीले म्हनलं, पाय वो बाई, पोरगी झाली तरी गावानं फटाके फोडले. चार दिसानं समजलं मले, का आपन खेळात जितलो म्हून." शालूबाई हसली. "तुमी म्हनले, बरं बरं. आन् लिवलं. मले वाटलं तेच लिवलं."

भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तो दिवस पंचवीस जून १९८३. सरांना ती तारीख तोंडपाठ होती, शालूबाई शाळेच्या दारात उभी होती तेव्हाही तोंडपाठ होती. पंचांग लागत नव्हतं, अर्धा तास लागत नव्हता. फक्त ऐकायचं होतं. इतकी वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला पायरीवरून उठून आत जाऊन पाणी प्यावं लागलं.

एक जूनला सकाळी फळ्यावर मजकूर होता: '१९४८, एस.टी.ची पहिली बस धावली. ही तारीख खरी आहे. याच तारखेला या फळ्याच्या लेखकाने चौतीस वर्षांत सुमारे चारशे मुलांचे जन्म लावले. ते चुकले. आया खरं सांगत होत्या, लेखकाने ऐकलं नाही. प्रे. खंडारे, जन्म १ जून, तोही असाच.' खाली लपेटदार रेघ नव्हती. स्वतःची खोटी तारीख फळ्यावर गेली होती, म्हणून ठरावाप्रमाणे सरांनी पुंजाजींच्या हातात खडूंची पेटी दिली आणि ते घरी निघून गेले.

पुंजाजींनी सगळं दोनदा वाचलं. मग रेणुकाला म्हणाले, "चाल, कमीत कमी यष्टीची तं खरी हाये." आणि खाली तिसऱ्या गल्लीची वेळ लिहिली. त्या दिवशी बिनतिकीट प्रवासाला निघायचं ठरलं होतं, ते त्यांनी पुढे ढकललं.

त्यानंतर वरचा अर्धा फळा कोराच राहिला. सरांना शिव्या पडतील अशी कॉलनीची अटकळ होती, पण झालं भलतंच. लोक आपापल्या आयांना घेऊन सरांच्या घरी येऊ लागले. ज्यांच्या आया राहिल्या नव्हत्या ते मावशीला, आत्याला आणत. एकीने सांगितलं, गणपती बसले त्याच्या तिसऱ्या दिवशी. एकीने सांगितलं, गावात लाइट आली त्या सांजेला. सर जुनी पंचांगं काढून बसले. अन्नपूर्णाबाईंना रोज पंधरा कप चहा करावा लागे आणि कुकरच्या शिट्ट्या आता कुणी मोजत नव्हतं. खडूला मात्र सरांनी हात लावला नाही. ठराव तो ठराव.

पंचवीस जूनला पुंजाजी सरांना बोलवायला आले. "चाला," एवढंच म्हणाले. फळ्यापुढे रेणुका उभी होती, शेजारी शालूबाई. फळ्याच्या वरच्या अर्ध्यात हलत्या अक्षरात लिहिलेलं होतं: '१९८३, भारत विश्वचषक जिंकला. त्याच दिवशी शालूबाईच्या पोटी रेणुकाचा जन्म.' बेचाळीस वर्षांची रेणुका ते आईला वाचून दाखवत होती. दुसरं वाक्य तिने दोनदा वाचलं.

शालूबाईने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उलटं लिवलं."

"काऊन? तारीख तं बराबर हाये," पुंजाजी म्हणाले.

"पह्यले पोरगी झाली. खेळ मांगून जितला. दिवे लागताना पोरगी, फटाके रातच्याले."

पुंजाजींनी सरांकडे पाहिलं. "सर? पुरावा?"

"तोंडी," सर म्हणाले. त्यांनी शालूबाईकडे पाहिलं. "तोंडी आहे. ग्राह्य आहे."

पुंजाजींनी पेटीतला पांढरा खडू काढून त्यांच्यापुढे धरला. "मंग तुमीच लिवा. माह्यानं सरळ येत नाही. आन् ठरावात खोट्या तारखेचं लिवलं होतं, खऱ्या तारखेचं काही लिवलं नाही."

सरांनी सगळा फळा पुसला, पट्टीच्या वरचाही आणि खालचाही. वर रेणुकाचं नाव लिहिलं, तिच्या आईचं नाव लिहिलं, आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात, विश्वचषक. शालूबाईला वाचता येत नव्हतं, पण ती बराच वेळ बघत उभी राहिली.

"आता फोडा म्हना फटाके," ती म्हणाली.

पुंजाजींच्या घरी दिवाळीची एक लड उरलेली होती. ती वाचनालयापुढे भर सकाळी फुटली. तिसऱ्या गल्लीतली माणसं रिकाम्या बादल्या हातात घेऊन धावत आली. फळ्यावर आज पाण्याची वेळच नव्हती, त्यामुळे ती भांडायच्या तयारीने आली होती, पण धूर बघून थांबली.

"काय झालं? कोन जितलं?"

"पोरगी झाली," पुंजाजी म्हणाले.